सशाचा डावा खांदा

आमच्या समोरच्या दारातले मास्तर जनावरं शिवतात. दचकू नका. मोठमोठ्या थीम पार्कमध्ये मुलांशी हात मिळवत फिरणारे माणसाएवढे ससे, अस्वलं, कोल्हे असतात ना, त्यांची सोंगं. त्यांच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, फोमचे तुकडे, बरणीभर प्लास्टिकचे डोळे आणि खिळ्यांना टांगलेली मुंडकी. एकदा नवा पोस्टमन सही घ्यायला आला आणि सही न घेताच जिना उतरला.

मुंडकं अंदाजाने करता येतं, धडाला मात्र माप लागतं. ठेकेदाराचं म्हणणं एवढंच, "मध्यम बांधा धरा." मास्तरांच्या घरात मध्यम बांधा एकच, वहिनींचा. मग काय, गॅस बारीक करून त्या येऊन उभ्या राहायच्या आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्या अंगावर कापड बेतायचे. मास्तर 'झालं' म्हणेपर्यंत हलायचं नाही. मी चहाचा कप घेऊन दारात हजर.

"काय वहिनी, आज लांडगा की माकड?"

"ह्यांना विचारा. मी नुसती खुंटी."

जिन्यावरून पडल्यापासून वहिनींची डावी कंबर अधू. चालताना डावा पाय ओढला जायचा, उभ्या राहिल्या की डावा खांदा उतरायचा आणि हात आपसूक कमरेवर जायचा. भांडायला आल्यासारख्या दिसायच्या. कधी कधी खरंच आलेल्या असायच्या. मास्तरांनी दुसऱ्या कुणाचं माप कधी घेतलंच नाही, त्यामुळे तो तिरपेपणा त्यांच्या एकूण एक जनावरात उतरला. त्यांना पत्ताही नाही. रोज बघितलेलं वाकडं डोळ्यांना सरळच दिसतं.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. मास्तरांनी मशीनवर चादर घातली ती घातलीच. ठेकेदाराचे फोनवर फोन: सोंग घालणाऱ्यांचे खांदे धरतात, नव्याने बेतून द्या, नाहीतर काम दुसरीकडे जाईल. मास्तरांचं एकच उत्तर, "माप घ्यायला माणूस नाही." दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांच्या लेकीने धसका घेतला. आई गेली, आता बाबाही असेच बसल्या जागी जाणार.

तिनेच टूम काढली. बाबांनी जन्मभर पार्कसाठी शिवलं, पण एक पार्क पाहिलं नाही. सुट्टीत दोन-तीन मोठी पार्कं फिरवू, आपलं काम चालता-बोलताना बघितलं की हात शिवशिवतील. मलाही बरोबर घेतलं.

"मावशी, तुम्ही बोलत असलात की दुसऱ्याला विचार करायला जागाच उरत नाही."

मी ते कौतुकच समजले.

पहिल्या पार्कात मनगटाला कागदी पट्टे बांधले गेले, जावईबापूंनी नकाशा उलगडला आणि सैन्य हलवावं तसे हुकूम सोडायला लागले. "आधी पाण्याची घसरगुंडी, मग भुताचा बंगला, रांग नसली तर आकाशपाळणा!" नातीने, म्हणजे चिमणीने, ते काही ऐकलं नाही. ती कारंज्याकडे बघत होती. तिथे पांढरा ससा उभा होता, भोवती पोरांचा गराडा.

ससा दोन पावलं चालला. डावा पाय किंचित ओढत. मग थांबला, डावा खांदा उतरला, आणि त्याने कमरेवर हात ठेवला.

"आजी!" चिमणी ओरडली.

"अगं, ससा आहे तो," लेक म्हणाली.

"हो. आजी ससा झालीय," चिमणीने आम्हा अडाण्यांना समजावलं.

मास्तरांच्या हातातला पॉपकॉर्नचा पुडा तिरपा होऊन पायांवर सांडत होता. ते म्हणाले, "डाव्या बाहीचा घेर खाली बसलाय. तिच्या अंगावर बेतलेला. ते कापड चढवलं की कुणीही असंच उभं राहणार."

कारण मिळाल्यावर जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "बघा मास्तर! आम्ही समजत होतो वहिनी घराबाहेर पडत नाहीत, आणि यांनी गावोगावी शाखा उघडलेल्या!"

मास्तर खो-खो हसले. त्या सहलीतलं त्यांचं ते शेवटचं हसू.

दुसऱ्या दिवशी दुसरं पार्क. भर दुपारी तिथल्या रस्त्यावरून प्राण्यांची मिरवणूक निघते. दोन्ही बाजूंना दोर बांधलेले, बापांच्या खांद्यांवर मुलं, पुढे बँड. आधी अस्वल आलं. मागून कोल्हा, माकडं, पेंग्विन, सशांचं अख्खं कुटुंब. सगळ्यांचा डावा पाय एकाच वेळी ओढला जात होता. डांबरावर घासल्याचा आवाज बँडच्या मधल्या फटीत ऐकू यायचा. बँड थांबला तेव्हा सगळे थांबले, सगळ्यांचे डावे खांदे उतरले, आणि रस्ताभर कमरेवर हात गेले.

लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना काय ठाऊक?

अस्वलाने मान वळवली आणि नेमकं आमच्याकडे बघितलं. प्लास्टिकचेच डोळे, बरणीतले. मास्तरांनी दोरावरून एक पाय पलीकडे टाकला. लेकीने मागून शर्ट धरला म्हणून बरं.

त्यानंतर ते एका बाकावर बसले आणि उठेनात. जावईबापूंनी आगगाडीच्या फेरीचं आमिष दाखवलं, चिमणीने आइस्क्रीमचं.

"तुम्ही निघा," मास्तर शांतपणे म्हणाले. "मी इथेच राहतो. आत दुरुस्तीला शिंपी लागतच असणार."

"बाबा, वेड्यासारखं बोलू नका. घरी चला."

"घरी कोण आहे?"

"आणि इथे कोण आहे?"

मास्तरांनी नुसतं बोट दाखवलं. मिरवणूक ज्या फाटकातून आत गेली होती तिकडे. लेक तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. पाण्याच्या घसरगुंडीवरून लोकांच्या आनंदाच्या किंकाळ्या येत होत्या.

मास्तर उठून त्या फाटकाकडे निघाले. लेकीने मला खुणावलं, मी मागे. फाटक अर्धवट उघडं होतं. आत पायरीवर एक मुलगी बसली होती, घामाने केस चिकटलेले. सशाचं धड कठड्यावर वाळत टाकलेलं, मुंडकं शेजारी पायरीवर.

"पोरी, हे मी शिवलंय," मास्तर म्हणाले.

मुलीने त्यांना खालून वर बघितलं. "तुम्ही? काका, मी तुमचं काय वाईट केलं होतं हो?"

मला हसू आलं. ती पाणी प्यायला नळाकडे निघाली आणि माझं हसू तिथेच विरलं. अंगात साधा टी-शर्ट. सोंग मागे कठड्यावर. तरी डावा पाय ओढत होता. नळाशी थांबली, खांदा उतरला, हात कमरेवर गेला.

"काढलं तरी जात नाही," ती म्हणाली. "आई विचारते, कुणासारखी चालायला लागलीस गं? आमच्यातल्या सगळ्यांचं तेच. आणि आत असताना ना, सारखं वाटतं, आपण केव्हाचे उभे आहोत. कुणीतरी 'झालं' म्हणेल म्हणून थांबलोय. पण कुणी म्हणतच नाही."

मास्तर कठड्यापाशी गेले. सशाच्या डाव्या बाहीची शिवण त्यांनी बोटांनी चाचपली, जशी आजारी माणसाची नाडी बघतात तशी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरी चला."

तिसरं पार्क राहिलंच. जावईबापूंनी नकाशाची घडी घातली. शहाणा माणूस.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी माझं दार वाजवलं. गळ्यात टेप.

"जरा येता? उभं राहायला माणूस हवंय."

"मास्तर, ठेकेदाराला मध्यम बांधा लागतो. माझा बांधा उदार आहे."

"सांगू, ससा खाऊनपिऊन सुखी आहे म्हणून."

गेले. मशीनवरची चादर काढलेली. खिडकीतून ऊन येत होतं, मुंडकी ओळीने बघत होती. मी ताठ उभी राहिले, शाळेत प्रार्थनेला राहायचे तशी. मास्तरांनी पांढरं कापड माझ्या अंगावर टाकलं, उजवीकडे टाचलं, डावीकडे आले आणि थांबले.

"खांदा का पाडलात?"

"मी कुठे पाडला?"

खिडकीच्या काचेत बघितलं. पडला होता. हात कमरेवर होता. मी ठेवलेला नव्हता. खाली घ्यायला गेले तर हलेना. पाण्यात बराच वेळ राहिल्यासारखा गार पडला होता. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. माझा, आणि आवाज फुटेना!

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. मला वाटतं ते माझ्याशी बोलत नव्हते, कारण मला ते अहो-जाहो करतात.

"झालं गं," ते म्हणाले. "किती उभी राहशील? बस आता."

ते वाट बघत राहिले. मीही. हळूहळू हात कमरेवरून सुटला आणि खाली आला, जड, दुसऱ्या कुणीतरी अलगद सोडून दिल्यासारखा. खांदा वर आला. मास्तरांनी पाठ फिरवून डोळे पुसले, मग माझ्या दोन्ही खांद्यांवरून खडूची सरळ रेघ ओढली आणि कात्री मागितली. ती मशीनवर होती. मी उजव्या हाताने दिली. डावा अजून गार होता.