चुलीतला बैल

लेकीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल आणला. नव्या रंगाच्या वासाने मी वलगावच्या आमच्या घरात जाऊन पोचलो.

चौथीत होतो. बैल सजवून मी पोरांसोबत घरोघरी निघणार, तेवढ्यात बाबांनी सतराचा पाढा विचारला. मी चुकलो. त्यांनी हातातला बैल हिसकून चुलीत घातला. "खेळून कोनाचं पोट भरते? शिक!" रंग तडतडत जळाला. त्याच विस्तवावर आईने भाकरी भाजल्या आणि मी त्या खाल्ल्या.

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो बाबांमुळेच. हे उपकार मी विसरत नाही.

आज लेकीने बैलाची दोरी माझ्या हातात दिली. "पप्पा, खेळा ना!" मी नुसताच उभा राहिलो.

खाटेवरून बाबा खळखळून हसले. "त्याले काहून देतं, माय? त्याले खेळताच येत नाही. आन इकडे."