बाबांच्या नावाने गेलेले मेल

आम्ही उलव्याला राहायला आलो त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. वाशीच्या घाऊक बाजारात एका कांदा-बटाटा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर त्यांनी उभी हयात काढलेली, त्यामुळे घरी नुसतं बसणं त्यांना जमणारं नव्हतं. सोसायटीला सेक्रेटरी हवा होता, ते काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं. माझा जुना कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात मांडला. मग टाकीची सफाई असो की लिफ्टची दुरुस्ती, सगळ्या सभासदांना बाबांचे मेल जाऊ लागले. प्रत्येकाच्या शेवटी त्यांचं पूर्ण नाव आणि खाली 'सचिव'.

मी महाप्यातल्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या हेल्पडेस्कवर काम करते. अनोळखी मेलमधली फाईल उघडू नका, हे दिवसभर लोकांना सांगणं हा माझ्या नोकरीचा मोठा भाग आहे. घरात मात्र ते कधी नीट सांगायचं राहून गेलं होतं.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी चहा घेताना बाबा म्हणाले, "ह्याला काय झालंय बघ गं. कालपास्नं नुसता फॅन घोंघावतोय. एक पान उघडायला गेलं तर दुसरंच उघडतंय."

मी खुर्ची ओढली. "काल काही नवीन उघडलं होतं का?"

"काही नाही." मग म्हणाले, "पार्सलवाल्यांचा मेल आला होता तेवढा."

आईच्या गुडघ्यासाठी त्यांनी पट्टा मागवला होता आणि तो यायला उशीर झाला होता. नेमका तेव्हाच मेल आला: पत्ता सापडला नाही, सोबतच्या फाईलमध्ये तपासून घ्या. बाबांनी फाईल उघडली. आतलं पान पुसट होतं. वर पिवळी पट्टी होती, आणि मजकूर नीट दिसण्यासाठी तिच्यावरचं बटण दाबा असं लिहिलं होतं.

"मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. दाबलं बटण. काळी चौकट आली आणि लगेच गेली. बाकी काहीच झालं नाही."

काहीच झालं नाही, हेच त्या फाईलचं कसब. मी आधी भिंतीवरच्या राऊटरची पिन काढली.

"नेट कशाला बंद केलंस?"

"बाबा, ती फाईल स्वतः फार काही करत नाही. आत शिरायचं आणि नेटवरून बाकीच्यांना बोलावून घ्यायचं, एवढंच तिचं काम. मग चोरी करणारे मागाहून उतरतात."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे गाळ्याची कडी आतून काढून देणारा."

"तसंच."

अँटिव्हायरसची मुदत कधीच संपली होती. तो रोज कोपऱ्यात येऊन आठवण करायचा आणि बाबा रोज फुली दाबून त्याला घालवायचे.

सगळ्यात आधी मी मोबाईलचा डेटा वापरून त्यांच्या मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराच्याच हातात देणं. मेल उघडला तेव्हा खरा प्रकार कळला. पार्सलचा तोच मेल आता बाबांच्या पत्त्यावरून सगळ्या सभासदांना गेला होता. शेवटी त्यांचं पूर्ण नाव, खाली 'सचिव'. शिवाय मेलच्या सेटिंगमध्ये कोणीतरी असा नियम लावून ठेवला होता की आलेली उत्तरं थेट कचऱ्यात जावीत. तिथे मला ती सापडली: 'काका, हे तुम्हीच पाठवलंय का?'

मी नियम काढून टाकला. बाबा उठून गॅलरीत गेले. आई मला हळूच म्हणाली, "आता त्यांना काही बोलू नको."

माझ्या लॅपटॉपवरून मी एक पेनड्राईव्ह तयार केला, विंडोज सुरू होण्याआधीच कॉम्प्युटर तपासणारा. तपासणी रेंगाळत चालली. मूळ फाईल सापडली, तिने बोलावलेले पाहुणेही सापडले. मशीन चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक अगम्य अक्षरांचं नाव होतं. ते काढलं नसतं तर सगळं पुन्हा उतरलं असतं. दुसऱ्या तपासणीत काही निघालं नाही, तरी माझं मन मानेना. फोटो आणि सोसायटीचे कागद तपासून बाजूला काढले आणि विंडोज पुसून नव्याने टाकायला घेतलं.

तेवढ्यात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"कुठे निघालात?"

"घरोघरी सांगून येतो."

"ग्रुपवर टाकते ना मी."

"ग्रुपवर निम्मे लोक वाचत नाहीत. आणि नाव माझं गेलंय."

मी त्यांच्यासोबत निघाले. वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. बेल वाजवून बाबा दारातच उभे राहायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "माझ्या नावाने मेल आलाय तो उघडू नका, माझ्याच चुकीने गेलाय." कोणी हसलं, कोणी पाणी विचारलं. एकाने सेक्रेटरीने असं करावं का, म्हणून दारातच सुनावलं. बाबांनी ऐकून घेतलं.

दुसऱ्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई राहतात. त्यांचा चेहरा पडला. "मी उघडली हो काका ती फाईल. तुमचं नाव बघितलं, म्हणून उघडली."

बाबांनी कठडा धरला. पायऱ्या उतरून दमले म्हणून नव्हे, हे मला दिसत होतं.

"पिवळी पट्टी आली का?" मी विचारलं.

"नाही, लाल आली. तिच्यावर दाबायचं बटणच नव्हतं. मग मी बंद केली."

फाईल उघडणारं त्यांचं वर्ड नव्या आवृत्तीचं होतं, त्याने फाईलमधला छुपा प्रोग्रॅम चालूच होऊ दिला नव्हता. तरी मी त्यांचा कॉम्प्युटर नेटवरून काढून पूर्ण तपासला. स्वच्छ होता. "सापडलं काही?" बाबा अधूनमधून विचारत राहिले. काही नाही म्हटल्यावर बाईंनी पुढे केलेला चहा त्यांनी घेतला, तोवर त्यावर साय आली होती.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा विंडोज बसलं होतं. आईने भाकरी थापायला घेतली होती. हातपाय धुऊन बाबा पाटावर बसले.

"तळमजल्यावरचे गावी गेलेत," ते म्हणाले. "त्यांना फोन लावला, पण लागत नाही. उद्या येतील तेव्हा मीच जाऊन सांगतो. तू झोप काढ उद्या."