अर्जात पहिला गुन्हा माझा

"तुमच्या लोकांचं गणित जन्मतःच कच्चं असतं. त्यात तुमचा दोष न्हाई, बाई."

मुख्याध्यापक हसत बोलले. सगळ्या स्टाफसमोर. हातात नवं वेळापत्रक. सातवीचं गणित माझ्याकडून काढलेलं. त्या जागी चित्रकला.

मी गणितात एम.एस्सी. नांदूरघाटजवळच्या त्या शाळेत चार वर्षं गणित शिकवत होते. मी चहा तेवढा पिऊन टाकला.

घरी आल्यावर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आईनं लोकांच्या रानात खुरपून मला शिकवलं. ते सगळं एका वाक्यात मातीत. जन्मतःच! मग माणसानं करायचं तरी काय? कातडी सोलून ठेवायची?

महिन्याभरानं पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची नावं मी भरली. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी मंगल टेबलाशी आली. पारध्याची पोर, गावाबाहेर पालात राहणारी. तोंडी गणितात वर्गात तिच्यापुढं कुणी नव्हतं.

"बाई, माजं नाव कावून न्हाई?"

"तुमची माणसं एका जागी टिकत न्हाईत गं. परीक्षेला तू असशील का इथं?" मी वहीतून मानही वर केली नाही.

"आमी पाच वर्सं झाली इथंच हाव, बाई."

मुख्याध्यापकांचाच सूर, माझ्या तोंडून. मी तिला साधं विचारलंही नव्हतं. गरजच वाटली नव्हती. पारधी म्हणजे असंच, हे मला ठाऊकच होतं की! कुठून? आमच्याच बौद्धवाड्यात, आमच्याच ओट्यावर ऐकलेलं. आम्हाला रोज खाली ढकलत होते, आणि आम्हीही आमच्याखाली कुणीतरी शोधून ठेवलं होतं.

तालुक्याला फोन केला. हातापाया पडले. "तारीख गेली, बाई."

संध्याकाळी पालावर गेले. मंगलच्या आईला सगळं खरं सांगितलं. ती लाकडं फोडत होती. थांबली नाही.

"पोरगी उद्यापासून येनार न्हाई. तिथं जाऊन बी आमी पारधीच."

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. पहिल्या ओळीत माझा गुन्हा: मुलीचं नाव मी तिची जात बघून वगळलं. दुसऱ्या ओळीत मुख्याध्यापकांचा: माझं गणित त्यांनी माझी जात बघून काढलं. प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"सोताच्या हातानं कावून लिहिता हे? नोकरी तुमचीच जाईल."

"जाऊ द्या, सर. एक अक्षर खोडनार न्हाई."

केजच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली.

मंगल अजून शाळेत आलेली नाही. चौकशी लागली तर पहिली मीच सापडेन. सापडू दे. पण 'त्यांच्यात तसंच असतं' हे वाक्य यापुढं माझ्यासमोर कुणी काढलं, मग ते मुख्याध्यापक असोत की माझी आई, ते मी पुरं होऊ देणार नाही.