घंटागाडीवरचा माझा आवाज

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत अमरावतीच्या आम्हा शिक्षकांना ड्युट्या लागल्या, तेव्हा माझ्या वाट्याला घरोघरचा सर्व्हे आला आणि वर आवाजाचं काम. आवाज स्वच्छ आहे म्हणून सूचना मीच वाचायची, असं महापालिकेच्या झोनच्या साहेबांनी ठरवलं. पंखा बंद केलेल्या खोलीत घाम पुसत मी रेकॉर्डिंगसाठी मोबाइलपुढे बसले. कागदावर लिहिलं होतं, "सर्व नागरिकांना याद्वारे सूचित करण्यात येते की, प्रतिबंधित क्षेत्रातील रहिवाशांनी अत्यावश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडू नये."

"साहेब, हे कोणाला समजेल? 'घरातच राहा, गल्लीत उभे राहू नका' एवढं म्हणू द्या ना."

"मॅडम, मसुदा मंजूर झाला आहे."

वाचला मी मंजूर मसुदा. तो कुठे वाजवायचा, तर घंटागाडीवर! आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला की बायका हातातलं काम टाकून ओल्या-सुक्याच्या दोन बादल्या घेऊन रस्त्यावर येतात. गाडी थांबत नाही, म्हणून पळत येतात. माझा आवाज सांगायचा घराबाहेर पडू नका, आणि तो ऐकूनच अख्खी गल्ली बाहेर यायची. बादली रिकामी झाली की काल कोणाला नेलं, कोणाचा ऑक्सिजन उतरला, हे बोलणं दारातच सुरू.

मी साहेबांना सांगितलं, सूचना वेगळ्या ऑटोवरून फिरवा. ते म्हणाले, "घंटागाडीच सगळीकडे पोचते, मॅडम." डोकं आपटायचं बाकी राहिलं. दुकानांची वेळ तीनदा बदलली, आणि गाडीवर मी मात्र पहिलीच वेळ सांगत फिरत होते. लोक मला वाटेत अडवून विचारत, बाई, खरं काय ते सांगा. मला तरी कुठे माहीत होतं!

माझा जीव मात्र आईत अडकला होता. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला जुन्या वस्तीत एकटी राहायची. तिला दमा. तिच्या गल्लीत दोन घरांत पेशंट निघाले होते. मी रोज बाधितांच्या दारात जाणारी, म्हणून तिच्याकडे जात नव्हते. भाऊ अकोल्याला, जिल्ह्याची हद्द बंद. तो फोनवरून मलाच ओरडायचा, "आईले घरात बसव." जसं काही ती माझं ऐकते.

शेजारणीनं कळवलं की आई रोज सकाळी गाडीपाशी उभी असते. मी चिडले. दुसऱ्या दिवशी दोन मास्क चढवून गेले आणि गल्लीच्या तोंडाशी थांबले. गाडी आली. बायकांच्या घोळक्यात आई, मास्क हनुवटीवर, हातात बादली. गाडी पुढे गेली तरी बादली तशीच. तिच्यात काहीच नव्हतं.

मी लांबूनच आवाज चढवला, "आई, कचरा नाही तर बाहेर काहून आली? जीव द्यायचा आहे का तुले?"

"एकट्या बाईचा असा कितीसा कचरा निघते? मी तं तुया आवाज आयकाले येतो."

"फोन करते ना मी रोज."

"फोनवर तू म्हणतं, गोळी घेतली का, बाहेर निघू नको, ठेवतो. गाडीवर तं लय वेळ बोलतं."

बायका बघत होत्या. माझा फोन खरंच एवढाच असायचा, आणि तोही सूचनाच. मी तिला घरात जायला सांगितलं. दार लागेपर्यंत उभी राहिले, मग रडत स्कूटी काढली.

दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या वेळेलाच तिला फोन लावू लागले. सर्व्हेतले सोबती वाट पाहत उभे राहिले तरी राहू देत. पहिल्याच दिवशी बोलता बोलता फोनमधून लांबून माझाच आवाज आला, सर्व नागरिकांना याद्वारे. आता ही बादली घेऊन उठणार, या धास्तीनं मी थांबले.

"तूच बोलून राहिली तिकडं रस्त्यावर," आई म्हणाली. "बोलू दे. तू सांग, काल काय जेवली?"

मी सांगायला लागले. गाडी तिच्या दारावरून गेली तरी आई बसूनच होती.