तीन रेघांची बाटली

कल्पना करा, तुमच्यासमोर तीन बाटल्या आहेत. तिन्हींत दारू आहे, तिन्हींचा रंग काकवीसारखा आणि तिन्ही एकाच भट्टीतून आलेल्या. यातली सगळ्यात जहाल कुठली, मधली कुठली आणि त्यातल्या त्यात मवाळ कुठली, ते तुम्हाला ओळखायचं आहे. मोजायला यंत्र नाही. बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, त्या तुमच्याच हातून निघाल्या आहेत. आणि साहेब चार वाजता परत येणार आहेत.

१९५६ सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, पिंपरीच्या एका बंगल्यात सगुणाबाई अशी उभी होती. तिचा दोष एवढाच की ती स्वच्छ होती. बाटल्या खोक्यातून भुशासकट निघाल्या होत्या. तिनं त्या घमेल्यात साबणाच्या पाण्यात उभ्या केल्या आणि कणीक मळायला गेली. परत येऊन पाहते तो तिन्ही चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत होत्या. एकीवर एक रेघ, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन.

बंगला कोल्टर साहेबांचा. औषधाच्या नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला ते अमेरिकेतून आले होते. मुलखात दारूबंदी होती, पण परदेशी माणसाला परवाना मिळे. साहेबांचा भाऊ तिकडे केंटकीत मक्याची दारू बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्यानं तीन बाटल्या पाठवल्या होत्या आणि लिहिलं होतं, चाखून सांग, कुठली सरस. आदल्या दिवशी साहेबांनी बुचं काढून नुसता वास घेतला, परत लावली, आणि कारखान्याचे केमिस्ट उद्धवराव यांना रेघांचा अर्थ सांगितला. उद्धवरावांनी तो सगुणाबाईला मराठीत सांगितला, "एक रेघ मवाळ, तीन रेघा जहाल. जपून ठेवा."

खरं सांगून मोकळं होता आलं असतं. साहेब थोडे चिडले असते, बस. सगुणाबाई उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली. चिठ्ठ्या पदरावर वाळत घातल्या, उचलल्या, पुन्हा घातल्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुठली बाटली कुठली. या प्रश्नाचं उत्तर तिच्या हातात होतं, आणि ते तिथं आहे हे कुणाला कळता कामा नये, हीच तर तिची सगळी काळजी होती.

चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठी, तिच्या नवऱ्याची, भैरूची, हातभट्टी होती. गाव म्हणायचं, भैरूची दारू. पण गूळ किती दिवस कुजवायचा, पहिली धार कुठं थांबवायची, हे सगुणा ठरवायची. ती कधी प्याली नाही. जिभेच्या टोकावर थेंब घ्यायची आणि थुंकायची. दारूबंदी आली, धाडी पडल्या, भैरू तुरुंगात गेला, सुटून आल्यावर दोन वर्षांत वारला. तिनं स्वतःच्या हातानं मडकी फोडली आणि पिंपरीला आली. बंगल्यांचा मुकादम रंगराव तिच्याच तालुक्याचा. कामावर घेताना त्यानं एकच विचारलं होतं, "घरात दारूचा धंदा कधी होता का गं? इथं गोऱ्या साहेबांच्या कपाटात बाटल्या असतात. तसली माणसं कंपनीला नको."

"न्हाई," ती म्हणाली होती. त्या एका 'न्हाई'वर तिला काम मिळालं, मागची खोली मिळाली, आणि रंगरावनं तिच्या कागदावर आपली सही केली.

तर आता तिनं दाराला कडी घातली. पहिली बाटली उचलून जोरात हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. जहाल दारूचे बुडबुडे मोठे येतात आणि पटकन फुटतात. मवाळ असली की बारीक मणी गळ्याशी रेंगाळतात. या बाटलीत मणी रेंगाळले. ही एका रेघेची. दुसरी हलवली, तिसरी हलवली. दोन्हींत बुडबुडे मोठे, दोन्हींत चटकन गेले. तिनं एकेक थेंब दोन्ही तळहातांवर चोळला. दोन्ही हात सारखेच गार पडले, सारखेच वाळले. नाकाशी नेले तर डाव्या हाताला भाजलेल्या मक्याच्या कणसाचा वास, उजव्याला त्याच कणसाचा, पण मागे जळक्या लाकडाचा धूर.

बाहेर सायकल वाजली. तिनं बाटली पदराआड धरली. सायकल पुढं गेली.

मग तिनं चार वर्षांत केलं नव्हतं ते केलं. त्यातल्या एकीत बोट बुडवून जिभेच्या टोकाला लावलं, मनात पाच आकडे मोजले, मोरीत थुंकली, चूळ भरली. मग उरलेलीचा थेंब घेतला. पाचापर्यंत गेलीच नाही, तिसऱ्या आकड्याला जिभेचं टोक बधिर झालं. ही तीन रेघांची. भाताची खळ करून तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या. एक क्षणभर तिला फार बरं वाटलं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

संध्याकाळी उद्धवराव प्रयोगशाळेतलं, दारूचा कडकपणा मोजायचं काचेचं तरंगतं मापक घेऊन आले. साहेबांनी पेला पुढं केला तसे ते हसले. "नको, मला परवाना नाही. तुम्ही प्या, मी मोजतो." साहेब घोट घेत, पाण्याचे दोन थेंब टाकत, पुन्हा घोट घेत, आणि वहीत लिहीत. रंगराव बर्फाचं भांडं घेऊन दाराशी उभा होता. सगुणाबाई पापड ठेवायला आत गेली ती तिथंच घुटमळली. मापक एकेका बाटलीतल्या दारूत तरंगलं. एक, दोन, तीन. क्रम बरोबर होता. तिनं पदरानं तोंड पुसलं. आता फक्त स्वयंपाकघरात जायचं आणि पोळ्या लाटायच्या.

साहेबांनी भावाचं पत्र काढून वाचायला घेतलं. उद्धवराव ऐकता ऐकता चकित झाले आणि सवयीनं मराठीत बोलून गेले, "रंगराव, ऐका गंमत. तिन्ही बाटल्यांत दारू एकच. एकाच दिवशी गाळलेली, एकाच जातीच्या लाकडी पिंपांत भरलेली, आठ वर्षं ठेवलेली. फक्त एक पिंप गोदामात तळाला, एक मधल्या मजल्यावर आणि एक वर पत्र्याखाली. तळातली मवाळ झाली. वरची बसल्या जागी कडक होत गेली."

"न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"ठेवलेली दारू उतरतीच. उन्हात तर लवकर उतरती. मडक्याच्या तोंडाला फडकं बांधा, माती लिंपा, दोन महिन्यांत पानचट. पत्र्याखाली कडक व्हईल कशी? कुणीतरी गंडवलंय साहेबाला."

बोलून झाल्यावर तिला कळलं. रंगरावनं बर्फाचं भांडं जमिनीवर ठेवलं.

"सगुणाबाई," उद्धवराव हळू म्हणाले, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"ऐकलंय."

त्यांनी तीन रेघांची बाटली उचलली, चिठ्ठीची कड नखानं खरवडली. नखाला भाताचं शीत लागलं. त्यांनी मापकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "या तुम्ही लावल्यात? न मोजता?"

साहेबांनी काय झालं ते विचारलं. उद्धवरावांना खोटं सुचलं नाही. सुचलं असतं तर बरं, असं ते पुढं पुष्कळदा म्हणत. साहेब ऐकून आनंदानं उठले, तिच्यासाठी खुर्ची ओढली, हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. तिचं लक्ष दारात होतं. दारात आता कुणी नव्हतं.

सकाळी रंगराव मागच्या खोलीशी आला. आवाज चढवला नाही.

"माझी सही हाय तुझ्या कागदावर."

"ठावं हाय, दादा."

"साहेब म्हणतो राहू दे. साहेब सहा महिन्यांनी जाईल त्याच्या गावाला. मी कुठं जाऊ? वर विचारलं तर काय सांगू, भट्टीवाली ठेवली म्हणून?" तो थांबला. "लेकीकडं जाते म्हण. मी तसंच लिहितो."

"लेक न्हाई मला."

"लिहायला कशाला पाहिजे लेक?"

तिनं गाठोडं बांधलं, सोडलं, तवा आत घालून पुन्हा बांधलं. रात्रभर डोळा लागला नव्हता, पण काम जाणार म्हणून नव्हे. तिला राहून राहून आठवत होतं की तिची जीभ चुकली नव्हती. वरची खरंच कडक होती. म्हणजे पत्रही खरं असणार. मग तिची मडकी का उतरायची?

फाटकाशी उद्धवराव सायकलवरून उतरले.

"सगुणाबाई, माझ्यामुळं..."

"ते ऱ्हाऊ द्या साहेब. येक सांगा. कडकपणा आधी उडतो का पाणी?"

"पुस्तकात कडकपणा आधी उडतो. साहेबांचा भाऊ पत्रात म्हणतो, लाकडातून पाणी आधी जातं. मी रात्री तेच वाचत बसलो होतो. जुळत नाही."

"म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई."

"नाही."

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं. चाकणच्या दिशेनं चार पावलं गेली आणि वळली. "मंग आपल्या चाकणला, पत्र्याखाली, तसलंच लाकडाचं पिंप आठ वर्षं ठिवलं, तर दारू उतरंल का वाढंल?"