माझ्या वाटचं रडणारी

पत्नी गेली तेव्हा मी पासलीच्या शाळेत मास्तर होतो. हिवतापाने आठ दिवसांत तिला नेलं. रोज दत्ताची पूजा करणारा मी, पण सुतक फिटल्यावरही देव्हाऱ्याकडे फिरकलो नाही. देवावर रागच धरला होता. त्याहून वाईट म्हणजे डोळ्यांतून टिपूस येईना. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटे, जेवण घशाखाली उतरत नसे.

आम्ही भोरचे. आमच्याकडे समाचाराला माणसं येतात, मान खाली घालून बसतात, उठून जातात. पासलीच्या बायका मात्र अंगणातूनच हंबरडा फोडत येत, गेलेल्या माणसाचे गुण आठवून आठवून रडत, आणि घटकाभराने पदराने नाक पुसून भाताचं बोलू लागत. मला ते सोंग वाटे. माझं गप्प बसणं पाहून त्याही म्हणत, "मास्तरांचं काळीज दगडाचं हाय बाई." खोटं कशाला सांगू, एकमेकांबद्दल आमचं मत सारखंच वाईट होतं.

महिना उलटला. रविवारची दुपार, सारं गाव शेतावर, आळीत चिटपाखरू नव्हतं. मी आत पडून होतो. एकाएकी दाराशी आक्रोश ऐकू आला. डोंगरावरच्या वाडीची एक म्हातारी धनगरीण उंबऱ्याला कपाळ टेकून एकटीच रडत होती. मी घरात आहे हेही तिला ठाऊक नव्हतं.

"माझ्या बाळंतीण लेकीवर आपली वाकळ घातलीस गं बाय! आता तू कुठं निजलीस गं!"

ती वाकळ हरवली, असं पत्नीने मला सांगितलं होतं. त्यावरून मी तिला नाही नाही ते बोललो होतो.

कसाबसा दारात आलो. म्हातारीने वर पाहिलं. "तुमच्यात रडत न्हाईत व्हय, मास्तर?"

मी दाराची चौकट धरून उभा राहिलो.

"आसंल तुमची रीत. तुमी बसा गप. तुमच्या वाटचं म्या रडते."

तिने पुन्हा गळा काढला. मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडलो. किती वेळ, कोण जाणे. ती उठून गेली, तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मग आंघोळ केली, धूळ बसलेले देव पुसले. देवाकडे काही मागावं असं वाटलं नाही; सारं त्याच्या पायाशी ठेवलं आणि मोकळा झालो. म्हातारीला त्यानेच धाडलं असं मी मानतो. कोणाला पटवायला जात नाही.

पासली सुटूनही आता बरीच वर्षं झाली. त्या माणसांची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो. भोरला कोणाकडे समाचाराला गेलो की मला रडू आवरत नाही, मी आवरतही नाही. नातलग हळूच म्हणतात, "मास्तरांना पासलीचं वारं लागलं." लागलं खरं, आणि त्यानेच मी जगलो.