सखुबाईंची सही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्रापाशी बाकी सगळं ओकतो त्यालाही नाही. म्हणजे — गोष्ट सांगितली आहे. अनेकदा सांगितली, लोकांना हसवलं. पण जी सांगितली ती खोटी होती. खरी आज सांगतो.

नव्वदच्या दशकातलं आहे हे. मी बारामतीतल्या एका हायस्कुलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचो. नागरिकशास्त्र! मताधिकाराचं महत्त्व फळ्यावर लिहून द्यायचो, आणि इलेक्शनची ड्युटी लागली की मेडिकल सर्टिफिकेट कोण देतंय ते शोधत फिरायचो. त्या वर्षी कुणी दिलं नाही. नेमणूक निघाली इंदापूर तालुक्यात, डाळजच्या आत, उजनीच्या पाण्याकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. गावानं काय केलंय?

आदल्या दिवशी इंदापुरात उन्हात ताटकळून मतपेट्या, शाई, लाख, सुतळी असं सगळं ताब्यात घेतलं आणि ट्रकच्या हौद्यात बसून गावात पोचलो. मुक्काम शाळेच्या खोलीत, अंघोळ हापशावर. मला सगळ्याचाच राग आला होता. गुळचट चहाचा राग, प्रत्येक फॉर्म दोनदा वाचणाऱ्या केंद्राध्यक्षांचा राग — बँकेतले साहेब होते, घाबरट — आणि सर्वांत जास्त राग त्या माणसांचा, जी सकाळी सातलाच नवे कपडे घालून रांगेत उभी होती. कशासाठी एवढं नटून यायचं? या अंगठेबहाद्दरांच्या मतावर देश चालतो, असं मी शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो. शेजारी पाटबंधारे खात्यातले एक कारकून होते. ते हसले. मला बरं वाटलं.

काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझ्यासमोर मतदारांची यादी. माणूस नाव सांगणार, मी यादीत शोधून खूण करणार आणि मोठ्यानं पुकारणार. मग कारकून बोटाला शाई लावणार, मतपत्रिकेच्या स्थळप्रतीवर यादीतला क्रमांक लिहून सही नाहीतर अंगठा घेणार आणि पत्रिका फाडून देणार. स्थळप्रत म्हणजे पुस्तकात मागं उरतो तो तुकडा. इतकं सोपं. पण बायका आल्या की माझं डोकं फिरायचं. नाव विचारलं की नाव सांगायच्या. नवऱ्याचं विचारलं की गप्प. पदर तोंडाशी नेणार, भिंतीकडं बघणार, मागच्या खुदूखुदू हसणार. नवऱ्याचं नाव घेतलं तर आभाळ कोसळणार होतं का?

सकाळी अशीच एक आली. सखुबाई गायकवाड. नवऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "तुमीच वाचा की वो सायेब." मी यादीवरून पेन्सिल फिरवली, पहिली सखुबाई गायकवाड दिसली तिथं थांबलो आणि कागद तिच्याकडं सरकवला. "हीच ना?" तिला वाचता येत नव्हतं. मला ते कळत होतं. तरी बोट दाखवून विचारलं, आणि साहेब विचारतोय म्हटल्यावर तिनं मान हलवली. नवऱ्याचं नाव मी वाचून दाखवलं नाही. शाई लागली, अंगठा उठला, ती मत देऊन गेली.

चूक एवढीच असती तर मी हे लिहीत बसलो नसतो. चुका कोण करत नाही?

दुपारी कारकून पिठलं-भाकरी खायला शेजारच्या वर्गात गेले. मी यादी आणि स्थळप्रतींचं पुस्तक, दोन्ही पुढं ओढून बसलो. दारातून एक बाई आली. धुतलेली पांढरी साडी, केस चापूनचोपून बसवलेले, चाळिशीची असेल. माळाच्या कडेला बौद्ध वस्ती होती, तिथली. मी तोंड उघडायच्या आत खणखणीत आवाजात म्हणाली, "सखुबाई नामदेव गायकवाड. आन् मी सही करणार हाय, अंगठा न्हाय. पोरीनं शिकीवलीया."

नवऱ्याचं नाव घेतलं तिनं. सकाळपासून ज्याच्यासाठी मी बायकांवर खेकसत होतो, ते तिनं न विचारता दिलं. आणि मी यादीत बघितलं तर सखुबाई नामदेववर माझीच खूण. पुढचं पान उलटलं — सखुबाई भगवान गायकवाड, कोरी. सकाळी आलेली बाई ही होती, भगवानची.

यावर उपाय होता. पुस्तकात होता, प्रशिक्षणात सांगितला होता. दुसऱ्यानं आधीच मत देऊन टाकलं असेल तर खऱ्या मतदाराला वेगळी मतपत्रिका देतात. पण त्यासाठी केंद्राध्यक्षांना सांगावं लागलं असतं. त्यांनी डायरीत लिहिलं असतं. माझं नाव, माझी चूक, इंदापूरच्या कचेरीत. मी — जो सकाळपासून सगळ्यांना अडाणी म्हणत होतो.

मी म्हणालो, "तुझं मत झालंय."

तुझं म्हणालो. सकाळच्या बाईला अहो-जाहो केलं नव्हतं, पण एकेरीवरही आलो नव्हतो. ही पाटलाच्या घरातली असती तर आलो असतो का? उत्तर मला ठाऊक आहे, तुम्हालाही.

तिनं बोट पुढं केलं. कोरं. मी म्हणालो, पपईचा चीक लावून शाई पुसून आलीस. कोपऱ्यात उमेदवारांचे दोन एजंट तंबाखू मळत होते, ते हसले. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली. ती हलली नाही. म्हणाली, "मास्तर, माझं मत झालं आसंल तर वहीत माझी सही आसंल. बघा की."

बिनतोड होतं. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं मला असा प्रश्न विचारला नव्हता.

आजवर मी स्वतःलासुद्धा सांगत आलो, की मी पुस्तक उघडलंच नाही. उघडलं होतं. पान काढलं. अंगठा होता — निळा, फिसकटलेला, अख्ख्या चौकटीत पसरलेला. मी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणालो, "सही आहे तुझी."

"दावा मला."

"दाखवता येत नाही. मतदान गुप्त असतं."

हे मी म्हणालो. नागरिकशास्त्राचा मास्तर. केंद्राध्यक्षांनी लांबूनच विचारलं, काय झालं हो? मी म्हणालो, काही नाही साहेब, दुसऱ्यांदा आलीय. त्यांनी हात हलवला. ती माझ्या तळहाताकडं बघत होती. मग म्हणाली, "माजी सही तुमाला म्हाईत न्हाय, मास्तर. आन् मला म्हाईत हाय, तितं ती न्हाय." आणि रांगेतल्या सगळ्यांच्या देखत बाहेर गेली. अंगणात कुणीतरी ओरडलं, "दोनदावाली आली रं!" पोरंटोरं हसली. तीही ऐकत गेली असणार.

संध्याकाळी मतांची जुळणी झाली, एकाचाही फरक निघाला नाही. साहेब म्हणाले, मास्तर, काम चोख. पुढच्या इलेक्शनला मला प्रशिक्षण द्यायला बोलावलं. तिथं मी किस्सा सांगितला: एक बाई चीक लावून दुसऱ्यांदा आली, वर सही दाखवा म्हणाली! हॉल हसला. मग दर वेळी सांगत गेलो. नाव घेऊन सांगत गेलो. तिच्या आवाजाची नक्कल करून, "दावा मला" म्हणून.

एका प्रशिक्षणाला इंदापूरकडचे एक गुरुजी आले होते. हसून झाल्यावर म्हणाले, व्हय, दोनदावाली, वळखतो की. ती नंतर कधी मताला आलीच न्हाय. सगळे पुन्हा हसले.

मीही हसलो. मग फळ्याकडं वळलो आणि पुढचा मुद्दा लिहिला — मतदाराची ओळख कशी पटवावी.